पाठीवरचं वचन

शेजाऱ्यानं तारेचं कुंपण घातलं त्या आठवड्यात गवंडी घरी नव्हता. बाजाराच्या गावात एका दुकानाचं काम चालू होतं, तिथंच वाळूच्या ढिगाशेजारी पथारी टाकून तो राहत होता. शनिवारी दिवस कलताना पिशवी खांद्याला लावून तो परत आला, रस्ता सोडून सवयीनं पाऊलवाटेला वळला आणि थेट छातीला काटे लागले. सदरा टर्रकन फाटला. त्यानं मान वर केली. पाच पदरी तार, नवे कोरे सिमेंटचे खांब, आणि पलीकडं त्याची रोजची वाट नांगरून काढलेली. ढेकळं अजून ओली होती.

खांब ओळंब्यात नव्हते, तिरके होते, हे त्याला आधी दिसलं. राग मागून आला.

घरी जायला आता एकच रस्ता उरला होता, ओढ्यातून. दरड उतरायची, गोट्यांवरून पाणी ओलांडायचं, आणि समोरच्या घसरड्या चढानं वर निघायचं. पिशवीतली थापी आणि ओळंबा वाजवत तो वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. बायको दारातच उभी होती. ती रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरायला जायची. अजून हात धुतले नव्हते, नखं काळी होती.

"फोन का नाही केलास?"

"करून काय झालं असतं? तिथून तार उपटली असती का तुम्ही?"

"तू बोलली नाहीस त्याला?"

"बोलले ना. म्हणाला, नवऱ्याला पाठव. मग वर म्हणाला, तो तरी कोण लागून गेलाय वाट मागणारा, सासऱ्याच्या जागेत राहतो."

गवंड्यानं पिशवी खाली ठेवली. सासरा अंथरुणाला खिळला तेव्हा तो इथं राहायला आला होता, त्याला खूप वर्षं झाली. गळकं घर पाडून चारही भिंती त्यानं स्वतः उभ्या केल्या होत्या. तरी लोकांच्या तोंडी तो घरजावईच राहिला.

आतून म्हातारीनं हाक मारली. "जावईबापू आले का गं?"

सासू कमरेच्या वर ठणठणीत होती. आवाज असा, की ओढ्यापलीकडच्या बाईला वळून बघायला लावील. कमरेखाली मात्र काही उरलं नव्हतं. एका सकाळी उठायला गेली आणि पाय आलेच नाहीत. तेव्हापासून खिडकीजवळची खाट हेच तिचं घर. वाचता येत नव्हतं, पण चर्चमध्ये वाचलेलं ऐकून ऐकून तिनं देवाच्या वचनांचा मोठा साठा केला होता. ताप आला की एक वचन निघायचं, घरात भांडण झालं की दुसरं, पाऊस लांबला की तिसरं.

"उद्या रविवार," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"पाय गेले तरी एक रविवार चुकवला नाही मी."

ते खरं होतं. दर रविवारी गवंडी आपल्या कामाच्या ढकलगाडीत गोधडी अंथरायचा, म्हातारीला त्यात बसवायचा आणि पाऊलवाटेनं रस्त्यापर्यंत ढकलत न्यायचा. सिमेंटच्या गाडीत सासू बघून लोक हसायचे. ती त्यांना हात हलवायची.

"ढकलगाडी ओढ्यातून नाही जायची, आई. चाक रुतेल."

"मग तो उचलून नेईल."

"कोण?"

एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं तिनं त्याच्याकडं पाहिलं. "ज्यानं सांगितलंय तो. आईच्या पोटात होतात तेव्हापासून तुम्हाला मी वागवलंय, उद्या म्हातारे व्हाल, केस पांढरे होतील, तेव्हाही मीच उचलीन. शब्द आहे त्याचा."

गवंडी फाटक्या सदऱ्याची बटणं काढत होता. "बरं. त्याला म्हणावं, सकाळी जरा लवकर या."

शेगडीपाशी बायकोला हसू फुटलं. तिनं ते पदरात दाबलं.

सकाळी कुणी आलं नाही. गवंड्यानं एका मोडक्या लाकडी खुर्चीचे पाय करवतीनं कापले, दोन्ही बाजूंना टायरच्या ट्यूबचे पट्टे बांधले, म्हातारीला तीत बसवून कमरेशी दोर आवळला आणि तिच्याकडं पाठ करून उकिडवा बसला. बायकोनं मागून रेटा दिला तेव्हा कुठं तो उभा राहिला. वजन तसं फार नव्हतं. पण ते सगळं मागं ओढत होतं, आणि तिचे निर्जीव पाय प्रत्येक पावलाला त्याच्या पोटऱ्यांवर आपटत होते. दरड उतरताना तिनं आधारासाठी हात पुढं घेतले ते थेट त्याच्या डोळ्यांवर.

"आई, डोळे झाकताय माझे!"

"मग धरू कशाला? तुम्हाला केसही नाहीत."

समोरचा चढ तो हातापायांवर, जनावरासारखा चढला. वर पाठीवर म्हातारी गुणगुणत होती. चर्चच्या पायरीशी तिला लोकांच्या हाती सोपवून तो बाहेर कट्ट्यावर बसून राहिला. ओल्या चिखलाच्या पँटनं आत बाकावर कसा बसणार? आतलं वाचन बाहेर ऐकू येत होतं. त्याचं लक्ष कमरेत उठणाऱ्या कळेवर होतं.

घरी परतल्यावर तो जमिनीवर पालथा पडला. बायको गरम विटेवर फडकं गुंडाळून शेकत होती.

"नेलं की नाही त्यानं?" म्हातारी खाटेवरून खुशीत म्हणाली.

"त्यानं? उसण माझ्या कमरेत भरलीय, आई. त्याच्या नाही."

"तुमची कंबर कुणी केलीय?"

गवंड्यानं तोंड चटईत खुपसलं.

दुसऱ्या दिवशी तो शेजाऱ्याकडं गेला. शेजाऱ्याचा आवाज कधीतरी बसला होता तो पुन्हा उठला नव्हता, म्हणून सगळे पाठीमागं त्याला घोगऱ्या म्हणत. तोंडावर भाऊ. घोगऱ्या गोठ्यासमोर बाजेवर बसून पायाच्या अंगठ्याचं नख कापत होता. गवंड्याला बस म्हणाला नाही.

"भाऊ, वाटेचं बोलायचं होतं."

"वाट कुठाय? शेत आहे ते."

"सासऱ्यापासून चालतोय आम्ही."

"सासरा तुझा भला माणूस होता. मला विचारून चालायचा." घोगऱ्यानं नख फुंकरीनं उडवलं. "तू विचारलंस कधी?"

गवंडी उभ्या उभ्या बोटं चोळत राहिला. सिमेंटनं चिरलेली बोटं चोळली की खरखर वाजायची. शेवटी म्हणाला, "आता विचारतो. म्हातारीला न्यावं लागतं."

घोगऱ्यानं गुरांकडं पाहिलं. मग म्हणाला, "जनावरांना पाण्याचा हौद बांधायचाय. सिमेंट-वाळू माझी. बांधून दे, एक खांब काढतो. शब्द देतो."

"ढकलगाडी जाईल एवढी फट लागेल."

"ढकलगाडी तर ढकलगाडी. दिला शब्द."

बाजाराच्या गावातलं काम अर्धवट टाकून गवंडी हौदाला लागला. घरी त्यानं सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "फुकट?"

"वाटेसाठी."

"तुम्हाला कुणी शब्द दिला की तुम्ही लगेच पाया खणता."

त्यानं खरंच पाया खणला. मुरूम लागेपर्यंत खाली गेला, दगड बसवले, तळाला मोरीकडं ढाळ दिला, आतून गिलावा करून वर सिमेंटचा असा घोटीव हात मारला की बोट फिरवलं तर सरकावं. गुरांच्या जिभेला खरखर लागू नये म्हणून काठ गोल केले. घोगऱ्या येताजाता मागं उभा राहून म्हणायचा, "हात जरा भराभर चालव." चहा यायचा तो कानतुटक्या कपात, आणि हातात न देता भिंतीवर ठेवलेला. मधल्या रविवारी म्हातारी पुन्हा पाठीवरून गेली. संध्याकाळी जेवताना गवंड्याची मूठ वळायची नाही, घास बोटांच्या फटीतून सांडायचा. म्हातारी प्रार्थनेत घोगऱ्याचंही नाव घ्यायची. ते ऐकून बायको मुद्दाम भांडी आपटायची.

तेवढ्यात दुकानवाल्यानं दुसरा गवंडी लावल्याचा निरोप आला.

हौदाला पाणी मारून मारून तो पक्का झाला, मग भरला. गुरं एका ओळीत प्यायला लागली. घोगऱ्या काठावरून हात फिरवत म्हणाला, "झकास."

"मग खांब कधी काढू या? मी पहार आणतो."

"खांब?" घोगऱ्यानं शेताकडं पाहिलं. मका नुकताच वर डोकावला होता. "आता फट ठेवली तर गुरं शिरतील. पीक निघू दे."

"भाऊ, शब्द दिला होतात."

"दिला होता ना. मोडला का? उशीर होतोय एवढंच म्हणतोय मी. उशीर झाला म्हणून शब्द खोटा पडतो का?"

गवंडी घरी आला तो थेट कोपऱ्यातल्या पहारेकडं. बायकोनं त्याची चाल ओळखली. ती दारात आडवी उभी राहिली नाही, नुसती बाजूला सरकून म्हणाली, "फोडा हौद. मग दुरुस्तीलाही तुम्हालाच बोलावेल, फुकट."

पहार त्यानं तिथंच टाकली. फरशीचा टवका उडाला.

"जावईबापू," म्हातारी खाटेवरून म्हणाली, "माणसाच्या शब्दावर एवढं राबलात. देवाच्या शब्दावर जरा विसंबून बघा. तो वाकडं आहे ते सरळ करतो. थोडा उशीर लागतो त्याला, पण शब्द मोडत नाही तो."

गवंडी गर्रकन वळला. इतक्या वर्षांत तो सासूवर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. "हेच! अगदी हेच घोगऱ्या म्हणाला आत्ता! उशीर होतोय, मोडला नाही. मग आम्ही ओळखायचं कसं, आई? कोण उशीर लावतोय आणि कोण फसवतोय?"

"अहो," बायको म्हणाली.

"नाही, सांगू दे ना त्यांना. त्या दोघांत फरक काय?"

म्हातारीनं तोंड उघडलं. ज्या बाईकडं प्रत्येक दुखण्याला वचन तयार असायचं, तिला या वेळी काही सापडेना. "मी ओळखते त्याला," एवढंच ती म्हणाली, आणि खिडकीकडं बघत राहिली. तिथून कुंपण दिसत होतं.

पुढच्या शनिवारी वरच्या अंगाला पाऊस झाला. इथं थेंब नाही, पण रविवारी सकाळी ओढा गढूळ आणि फुगलेला. गवंड्यानं काठी टेकवून पाहिलं. गुडघ्याच्या वर पाणी होतं.

"आज राहू द्या," तो म्हणाला.

"तुम्हाला जमणार नसेल तर राहू द्या," म्हातारी म्हणाली. त्याला ते बोचलं, आणि त्यानं पट्टे खांद्यावर चढवले. बायकोची रोपवाटिकेत पाणी द्यायची पाळी होती, ती आधीच गेली होती. म्हातारीनं खाटेचा दांडा रेटून त्याला उठायला मदत केली.

मधोमध आल्यावर पायाखालचा गोटा फिरला. तो एका गुडघ्यावर आला, सावरला, पुन्हा उठला, आणि समोरच्या काठाला हात लागणार तोच चिखलात दोन्ही पाय मागं सरकले. दोघं आडवी झाली. पाणी त्याच्या नाकातोंडात गेलं. पट्ट्यातून हात सोडवून त्यानं खुर्ची ओढत ओढत काठावर आणली, तेव्हा म्हातारीचं लुगडं, चोळी, केस, सगळं चिखलानं माखलं होतं. एक पाय विचित्र वळून खुर्चीखाली अडकला होता. तिला ते कळलंही नव्हतं. त्यानं तो हातानं उचलून सरळ ठेवला.

"लागलं का, आई?"

ती त्याच्याकडं बघतच नव्हती. मान मागं टाकून वर बघत होती, आणि मग तिनं जो आवाज लावला तो त्यानं आजवर ऐकला नव्हता.

"किती? अजून किती? मी तुला कधी खोटं पडू दिलं नाही. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, कुठाय तुझा देव? मी म्हटलं, आहे. पाय गेले तेव्हा म्हटलं, आहे. चारचौघांत तुझ्या शब्दाला जामीन मी राहिले! आणि तू या पोराची कंबर मोडायला निघालास? उचलीन म्हणालास ना? मग ये की खाली. चिखल लागेल म्हणून भितोस?"

पलीकडच्या काठावर एक शेळी चरायची थांबून त्यांच्याकडं बघत होती. गवंड्याला भीतीच वाटली. कुणी ऐकलं तर काय, म्हणून त्यानं दोन्हीकडं पाहिलं.

"आई, पाणी गार आहे. उठू या."

"तुम्ही थांबा. मी बोलतेय त्याच्याशी." पण पुढं तिला बोलता येईना. तिनं ओल्या पदरानं तोंड पुसायला घेतलं आणि आणखीच चिखल फासला.

वरून काही आलं नाही. ओढा वाहत राहिला. थोड्या वेळानं गवंड्यानं पुन्हा तिच्याकडं पाठ केली.

ते पोहोचले तेव्हा चर्च सुटलं होतं. लोक पायऱ्या उतरत होते, त्यांनी दोघांना पाहून वाट दिली. कुणीतरी टॉवेल आणला. चर्चचा पाळक तरुण होता, मनानं चांगला. त्यानं वाकून म्हातारीचे मातकट हात हातात घेतले. "आजी, तुमची श्रद्धा बघून आम्हाला बळ येतं. देवाची वेळ..."

"पाळकसाहेब, वेळेचं राहू द्या. ओढ्यावर येऊन एकदा बघता का? घोगऱ्याशी बोलता का?" गवंडी मध्येच म्हणाला.

"हो, हो. या आठवड्यात नक्की." आजूबाजूच्या दोघाचौघांनी माना हलवल्या.

आठवडाभर कुणी आलं नाही. गवंड्याला एका गोठ्याच्या पडक्या भिंतीचं काम मिळालं. तो सकाळी ओढा ओलांडून जायचा, संध्याकाळी ओलांडून यायचा, आणि दर वेळी कुंपणाच्या वाकड्या खांबांकडं बघून दात खायचा. पण घरात आल्यावर त्याहून वाईट वाटायचं. म्हातारी बोलत नव्हती. म्हणजे पाणी द्या, खिडकी लावा, एवढं बोलायची. बायकोचं बोट चाकूनं कापलं, तरी वचन नाही. वाऱ्यानं पत्रा उडता उडता राहिला, तरी नाही. जेवणाआधी ती डोळे मिटायची आणि लगेच उघडायची.

"रुसलीय," बायको हळूच म्हणाली.

"कुणावर? माझ्यावर?"

"तुमच्यावर रुसायला तिला वेळ कुठाय?"

गवंड्याला खरं तर बरं वाटायला हवं होतं. त्याची पाठ वाचणार होती. पण कामावर दगड घडवतानाही त्याला चैन पडेना. घरातली एखादी भिंत काढून घ्यावी आणि छप्पर तसंच तरंगत राहावं, तसं काहीतरी वाटत होतं. शनिवारी त्यानं खुर्चीच्या पट्ट्यांना जुन्या गोधडीचे तुकडे शिवले. कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी बायकोनं पाळी बदलून घेतली होती. गवंड्यानं खुर्ची खाटेला लावली.

"आज नको," म्हातारी भिंतीकडं तोंड करून म्हणाली.

"पाणी उतरलंय ओढ्याचं."

"नको म्हटलं ना. तुमची पाठ बघा जरा. म्हातारं माणूस घरी पडून राहिलं तर आभाळ कोसळत नाही."

"आणि वचन?"

तिनं गोधडी खांद्यावर ओढून घेतली.

"मला उत्तर द्या, आई. वचनाचं काय झालं?"

"त्याला विचारा."

गवंड्याचं डोकंच फिरलं. "मी विचारू? मी कुठं त्याच्या ओळखीचा? इतकी वर्षं तुम्ही म्हणायचं आणि मी कुरकुर करायची, असं चाललंय. तुम्ही होतात म्हणून मला कुरकुर करता आली! आता तुम्हीच गप्प बसलात तर मी भांडायचं कुणाशी? घोगऱ्याशी?"

म्हातारीनं मान वळवली. डोळे सुजलेले होते. "मी त्याला वाट्टेल ते बोलले, जावईबापू. ओढ्यात."

"ऐकलं मी. बरोबर बोललात. जो शब्द पाळणारच नाही त्याला कोण एवढं बोलतं? घोगऱ्याला मी बोललो का? घरी येऊन पहार आपटली नुसती." तो वळून उकिडवा बसला. "चला, बसा. अर्ध्यात सोडायचं नाही."

मग खाट करकरली. बायकोनं आईला काखेत धरून खुर्चीत सरकवलं, दोर आवळला. गवंडी उठताना कण्हला.

दरड ते नीट उतरले. या खेपेला बायको मागून आईचे पाय धरून चालत होती, त्यामुळं ते आपटत नव्हते. पाणी अजून गारच होतं. शेजारी तार उन्हात चमकत होती, मका आणखी बोटभर वाढला होता, खांब जिथल्या तिथं होते. घोगऱ्या गुरं हौदावर सोडून उभा होता. त्यानं या तिघांकडं पाहिलं आणि वासराची दोरी सोडायला खाली वाकला.

पाण्याच्या मधोमध गवंडी दम घ्यायला थांबला. पाठीवर गुणगुण नव्हती. नुसता श्वास मानेवर येत होता.

"म्हणा की," तो म्हणाला.

"काय?"

"ते. केस पांढरे होतील ते."

"आज तुम्ही म्हणा."

"मला येत नाही."

"इतक्यांदा ऐकलंय."

गवंड्यानं घसा खाकरला. मागं बायको आहे याची त्याला लाज वाटली. "तुम्ही म्हातारे झालात... केस पांढरे झाले... तरी मी तुम्हाला सांभाळीन."

"सांभाळीन नाही. उचलीन."

"तेच ते."

"तेच नाही," म्हातारी म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा पलीकडच्या काठापर्यंत गेला. "सांभाळता घरात बसूनही येतं."

"अहो, इथं गार पाणी लागतंय मला," बायको मागून ओरडली. "चाला की!"

"उचलीन," गवंडी म्हणाला. दात आवळून, जवळजवळ रागानंच म्हणाला, आणि पायानं पुढचा गोटा चाचपू लागला.